अर्धवटांची पिशवी

थंडी पडली की माळ्यावरची पिशवी खाली येते आणि मागच्या हिवाळ्यातली अर्धी कामं बाहेर पडतात: बाह्या नसलेला स्वेटर, जोडीविना एकटा मोजा, गळ्यापाशी अडलेलं झबलं. ‘आधी एक पुरं कर’ हा घरच्यांचा सल्ला आम्हाला फारसा पटत नाही. जाळीची नक्षी टाके मोजत, चांगल्या उजेडात विणावी लागते. लोकलमध्ये, गप्पांच्या नादात ती हमखास चुकते. तिथे साधा मफलरच बरा. दोन-तीन कामं सुयांवर असावीतच.

खरी अडचण पुढे येते. एका कामाची सुई दुसऱ्यासाठी उपसली जाते, टाके दोऱ्यावर लटकत राहतात आणि वर्षभराने सुईचा नंबर आठवत नाही. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची ३.२५ची, एवढ्याशा फरकानेही छातीचं माप बदलतं. त्यात मधल्या काळात आपला हात सैल किंवा घट्ट झालेला असतो. लोकर कमी पडली तर पंचाईतच, कारण रंगाचा तोच लॉट दुकानात मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून काम गुंडाळताना पिशवीत चिठ्ठी टाकावी: सुईचा नंबर, लॉट, थांबलेली ओळ.

आणि झबलं ज्याच्यासाठी घातलं ते बाळ शाळेत जाऊ लागलं असेल, तर खुशाल उसवा. लोकरीची लडी करून कोमट पाण्यात भिजवली आणि सावलीत वाळवली, की तिच्या वळ्या बऱ्याचशा जातात. नव्या नमुन्यांसाठी ती चालेल!