डोस्कं फिरलंय कुणाचं?

माझा भाचा पंधरा वर्षांचा. स्कॉलरशिप मिळवून शहरातल्या नावाजलेल्या शाळेत गेला आणि चार महिन्यांत मुका झाला. जेवण टाकलं. रात्री दचकून उठायचा. पोट दुखतं म्हणायचा. डॉक्टरनं पोट तपासलं, पोटात काही नव्हतं. मग शाळेनंच सांगितलं, समुपदेशकाकडं न्या.

नेलं. ताई, मी आणि पोरगं. बाईंची खोली गारेगार. भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो. पोरगं अर्ध्या तासानं कसंबसं बोललं. म्हणालं, हजेरी घेताना माझं आडनाव आलं की सर थांबतात. मुलं हसतात. डबा खाताना जवळ कुणी बसत नाही. फुकट्या म्हणतात. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "जातबीत आता कोण बघतं? तू फार विचार करतोस." कागदावर लिहिलं, न्यूनगंड. रोज दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. फी घेतली.

म्हंजे बघा. थांबला मास्तर, हसला वर्ग, आणि रोग निघाला आमच्या पोराच्या डोक्यात!

घरी म्हातारीनं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "पोराच्या डोस्क्यात काय बी झालं न्हाय. त्येच्या काळजाला लागलंय."

अंगठा उठवणाऱ्या म्हातारीला जे कळलं ते पदवीवालीला का कळू नये? कारण तिच्या पुस्तकात माणूस एकटा असतो. त्याला वस्ती नसते, आडनाव नसतं, पिढ्या नसतात. आपल्या बायका म्हणतात, जीव घाबरा होतो, अंगाला मुंग्या येतात, काळजात धस्स होतं. ह्या बोलीला त्यांच्या फॉर्मात रकाना नाही. आणि श्वासाचं आम्हाला कौतुक सांगू नका. दुःख आहे असं बुद्धानं सांगितलं, तसंच दुःखाला कारण आहे हेही सांगितलं. ह्यांनी श्वास तेवढा उचलला आणि कारण गाळलं.

हे एका बाईचं नाही. 2007 साली सुखदेव थोरात समितीनं दिल्लीच्या एम्समध्ये मागास जातींच्या विद्यार्थ्यांशी होणारा भेदभाव अहवालात नोंदवला. शिकवण्यात, परीक्षेत, वसतिगृहात, मेसमध्ये. त्यानंतरही, जानेवारी 2016 मध्ये, हैदराबादला रोहित वेमुला गेला. सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगानं काय ठरवलं? व्यक्तिगत वैफल्य! विद्यापीठ मोकळं. न्यूनगंड काय, वैफल्य काय, शब्द वेगळे, धंदा एकच. गुन्हा व्यवस्थेचा आणि निदान आमचं.

इथपर्यंत तुम्ही टाळ्या वाजवाल, दोस्तांनो. आता आपल्या घरात शिरतो.

त्या बाईकडं नेण्याआधी पोरगं माझ्याजवळ आलं होतं. "मामा, मला शाळेत जायला नको वाटतं." मी काय म्हणालो? मी म्हणालो, "भीमाचा वाघ ना तू? रडतोस काय बायकांसारखा?" पोरगं उठून गेलं. त्यानंतर ते माझ्याशी बोललंच नाही. बाईंनी त्याचं तोंड अर्ध्या तासात बंद केलं, मी एका वाक्यात केलं होतं. आणि ते वाक्य माझं एकट्याचं नाही. आपल्या शाखेत, मोर्च्यात, जयंतीच्या मंडपात तेच चालतं. डिप्रेशनबिप्रेशन बड्यांचे चोचले, आपल्याला लढायचंय! एखादा कार्यकर्ता दारूत बुडाला की आपण म्हणतो, वाया गेला. तो कशापायी बुडाला हे कुणी विचारलं?

वाघ रडत नाही म्हणता? 1917 साली बडोद्यात पारशी धर्मशाळेतून बाबासाहेबांना काठ्या घेऊन आलेल्यांनी हुसकून लावलं. विलायतेत शिकून आलेला माणूस झाडाखाली बसला. अठरा वर्षांनंतर त्यांनीच लिहून ठेवलंय की तो प्रसंग डोळ्यांत पाणी आल्याशिवाय आठवत नाही. त्यांनी जखम झाकली नाही. कागदावर मांडली आणि जखम करणाऱ्याचं नावही मांडलं. आपण त्यांचा कोट तेवढा घेतला, अश्रू घेतले नाहीत.

मग उपचारच नको का? हवा! पण कसला?

फ्रांझ फॅनन हा काळा मानसोपचारतज्ज्ञ 1953 साली फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जेरियात ब्लिदाच्या इस्पितळात गेला. युरोपियन बायकांच्या वॉर्डात त्यानं सभा, उत्सव, वर्तमानपत्र सुरू केलं. रोगी सुधारू लागले. तेच त्यानं मुसलमान पुरुषांच्या वॉर्डात नेलं आणि सपशेल आपटला. पण रोगी मठ्ठ आहेत असं तो म्हणाला नाही. चूक आपली, असं म्हणाला. मग तिथं त्यांच्या पद्धतीचं कॉफीघर उघडलं, त्यांचे सण पाळले, गोष्टी सांगणारा बोलावला. माणसं बोलू लागली. 1956 मध्ये त्यानं राजीनामा दिला आणि पुढं स्वातंत्र्यलढ्यात गेला. माणसाला बरं करायचं आणि त्याला वेडं करणारी राजवट तशीच ठेवायची, हे जमत नाही हे त्याला कळलं.

आम्हाला असा उपचार पाहिजे. डॉक्टर वर आणि आम्ही खाली, असा नव्हे. दोघांनी बसून ठरवायचं, दुखतंय काय, कशानं, आणि करायचं काय. लहान लेकराला खेळातून, चित्रातून बोलू द्या. वयात आलेल्या पोराचं ऐका आणि मग त्याच्या मास्तरालाही समोर बसवा. गटारात उतरणाऱ्या माणसाला झोप का लागत नाही हे त्याच्या बोलीत विचारा. गोळी लागली तर गोळी द्या. साखरेची घेतोच की आपण! पण गोळीखाली जात दडपू नका.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 18 सांगतं, जातीवरून भेदभाव न करता प्रत्येकाला सरकारी खर्चानं चालणारे उपचार मिळाले पाहिजेत. कायदा आहे. तो जिल्हा रुग्णालयात जाऊन मागतो कोण? रस्त्यासाठी, रेशनसाठी मोर्चा काढला. ह्यासाठी एकदा तरी काढला का?

भाच्याला पुढं सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "शाळेत तुला काय म्हणतात?" आणि गप्प बसल्या. तो रडेपर्यंत गप्प बसल्या. पुढच्या खेपेला म्हातारीला बोलावलं. शाळेला पत्र लिहिलं. त्या बाईंची जात मी विचारली नाही. त्यांनी आमची ऐकून घेतली, एवढं पुरे. पोरगं अजून पुरतं बरं नाही, पण जेवतंय.

परवा मी त्याच्याजवळ बसलो. म्हणालो, चुकलो रे. तो काही बोलला नाही. उठूनही गेला नाही.

तुमच्या वस्तीत असं गप्प झालेलं पोरगं आहे. आज जा. घोषणा बाहेर ठेवा, चपलेसारखी. त्याच्याजवळ बसा. ऐका. जीव नकोसा झाला म्हणत असेल तर एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. 14416 हा सरकारी मोफत फोन आहे, तो लावा. आणि मग, ऐकून झाल्यावर, त्याचा हात धरून त्या शाळेच्या दारात उभे राहा.

डोस्कं कुणाचं फिरलंय ते तिथं विचारू.

जयभीम.