खिशातला वाटाड्या

‘‘अरे, खिशात फोन असताना हा डबा कशाला?’’

हा प्रश्न माझ्या मामांचा. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या जीपमधून कच्छच्या छोट्या रणात जायचे ठरले, तेव्हा हातात धरायचे जी.पी.एस. यंत्र घ्यावे असा हट्ट मी धरला होता. भूगोलाचा विद्यार्थी म्हणून घरात माझी थोडीफार पत आहे. तिच्या बळावर यंत्र आले. असे यंत्र कसे निवडावे, याविषयी त्या प्रवासात माझी जी मते बनली, ती गाडी घेऊन आडरानात जाण्याची हौस असलेल्या मित्रांपुढे मांडावीशी वाटतात.

प्रथम फोनला न्याय देऊ. रेंज गेली की फोनचे जी.पी.एस. बंद पडते, हा समज चुकीचा आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत फोनलाही मिळतात. चार उपग्रहांचे संकेत मिळाले की ठिकाण निश्चित होते. रेंजअभावी नाहीसा होतो तो नकाशा, आणि आधी उतरवून घेतला असेल तर तोही टिकतो. फोनची खरी उणीव निराळीच आहे. काचेमागे उन्हात ठेवलेला फोन तापून बंद पडतो. गाडी हादरत असताना त्याच्या पडद्यावर बोट नेमके टेकत नाही. शिवाय बोलणे, फोटो आणि गाणी यांसाठी तोच राबत असल्याने संध्याकाळी गरज पडते तेव्हा त्याचा जीव कंठाशी आलेला असतो.

दुकानदाराने मोठ्या रंगीत स्पर्शपडद्याची यंत्रे पुढे केली. मी घेतले बटणांचे, गार्मिनचे इट्रेक्स २२एक्स. पडदा अवघा २.२ इंचांचा. ‘‘याच्याबरोबर भिंग मिळतं का?’’ मामांनी विचारलेच! परंतु हा पडदा भर उन्हात वाचता येतो, आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटे राहिले तरी यंत्र बिघडत नाही. माझ्या दृष्टीने निर्णायक गोष्ट म्हणजे ते दोन पेन्सिल सेलवर चालते. कंपनी २५ तासांची ग्वाही देते. पण सेल संपलेच, तर खेड्यातल्या वाण्याकडेही नवे मिळतात.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रेही बाजारात दिसतात आणि संकटकाळी ती हवीशी वाटतात. परंतु आपल्या देशात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती बाळगणे गुन्हा ठरू शकते. नुसते संकेत घेणारे यंत्र वेगळे, पाठवणारे वेगळे. हा भेद खरेदीपूर्वीच समजून घ्यावा.

आता माझ्या फजितीकडे येतो. छोटे रण सुमारे ५,००० चौरस किलोमीटरांचे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाते आणि मग वाळून पाटासारखे सपाट होते. झाड नाही, टेकडी नाही. चाकोऱ्या मात्र दहा दिशांना. रीतसर परवाना घेऊन आम्ही निघालो. ‘‘गावातला एखादा वाटाड्या बरोबर घेऊ,’’ असे मामा म्हणाले होते. मी ऐटीत खिशावर हात ठेवला, ‘‘वाटाड्या इथं आहे!’’

दुपारी फोन तापून बंद पडला तेव्हा मला आनंदच झाला. यंत्राचा बाण तीन किलोमीटरांवरचे बेट दाखवत होता. रणातल्या उंचवट्याला तिथे बेट म्हणतात. चाकोरी वळसा घेत होती, बाण सरळ होता. मी मामांना सरळ घ्यायला सांगितले. शंभर पावलांवर वरचा कोरडा पापुद्रा फुटला आणि मागची चाके चिखलात गेली. गाडी निघेपर्यंत दोन तास गेले. दिवस कलला होता, पाणी थोडे उरले होते. मामा रागावले नाहीत, गप्प राहिले. तेच मला जास्त लागले.

मग त्याच यंत्राने आम्हांला तारले. आलेल्या वाटेची बारीक रेघ त्याने जपून ठेवली होती. तिच्यावरून काळोख पडता पडता आम्ही गावाला लागलो. तिथे मिठागरावर राबणाऱ्या एका वृद्ध अगरियाने हसून सांगितले, की वळसा चिखल चुकवण्यासाठीच होता.

म्हणून माझे मत असे आहे: यंत्र घ्यावे, ते बटणांचे आणि सुट्या सेलचे घ्यावे, आणि पुढचा बाण किती झोकदार आहे यापेक्षा मागची रेघ ते किती नेटकी जपते हे पाहावे. आपण कुठे आहोत हे यंत्र सांगते. पायाखालची जमीन आपल्याला पेलेल की नाही, हे तिथे राहणारा माणूसच सांगतो. या दोन प्रश्नांची गल्लत मी केली.

पुढच्या खेपेस आम्ही पुन्हा जाणार आहोत. मामांनी सेलचा डबा आधीच आणून ठेवला आहे. वाटाड्याची जागा मात्र पुढच्या सीटवर राहील; मी मागे बसणार आहे.