घोटा, सोनोग्राफी आणि अविश्वास

पाय मुरगळून कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, हाड मोडले का? उत्तरासाठी सर्रास एक्स-रे काढला जातो आणि बहुतेकांचे हाड शाबूत निघते. म्हणूनच कॅनडातील ओटावा येथे डॉ. इयान स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये साधे नियम मांडले. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर वा टोकावर दाबून दुखत असेल, किंवा रुग्णाला चार पावलेही टाकता येत नसतील, तरच एक्स-रे काढावा. या चाळणीतून मोडलेले हाड क्वचितच निसटते. पण अनेक धडधाकट हाडेही एक्स-रेपर्यंत जातातच आणि फाटलेला अस्थिबंध त्यात दिसत नाही.

ही उणीव सोनोग्राफी काही अंशी भरून काढते. खाटेशेजारीच, किरणोत्सर्गाविना, पाय हलवून अस्थिबंध ताणला जाताना पाहता येतो. हाडाच्या पृष्ठभागावरची चीरही दिसू शकते. अर्थात ध्वनिलहरी हाडाच्या आत शिरत नाहीत आणि निदान तपासणाऱ्याच्या सरावावर अवलंबून असते. सोनोग्राफी एक्स-रेची जागा घेणारी नाही, जोड देणारी आहे.

आपल्याकडे मात्र हे यंत्र निव्वळ वैद्यकीय राहिलेले नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा १९९४ चा कायदा १९९६ पासून लागू झाला. यंत्राची नोंदणी सक्तीची झाली. २०१२ च्या नियमांनी हाताळत्या यंत्राचा वापर नोंदणीकृत जागेतील आंतररुग्ण आणि फिरते वैद्यकीय पथक यांपुरता मर्यादित केला. हा जाच अनाठायी म्हणता येत नाही. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या.

म्हणून नियम सैल करा, ही मागणी चुकीची ठरेल. पण घोट्यासाठी लागणारा प्रोब त्वचेखालच्या काही सेंटिमीटरपुरताच स्पष्ट पाहतो. पोटाच्या तपासणीसाठी सहसा वेगळा प्रोब वापरतात. तेव्हा दुसरा प्रोब जोडताच येणार नाही, अशी यंत्रे वेगळ्या वर्गात नोंदवून अपघात विभागांना देण्याचा विचार व्हायला हवा. तोवर डॉक्टरांच्या बोटांची तपासणी आणि ओटावाचे नियम हाताशी आहेतच. त्यांना ना परवाना लागतो, ना वीज. मुलगी नकोशी मानणाऱ्या समाजाला प्रत्येक यंत्रावर पहारा बसवावा लागतो आणि त्याची किंमत लंगडत आलेला रुग्णही मोजतो.