व्हिसाची व्हायवा

फायनल इयरला हॉस्टेलवर दोनच विषय चालतात, प्लेसमेंट आणि व्हिसा. आय-२० हातात पडला की पोरं मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीची तयारी सुरू करतात. तयारी म्हणजे काय, तर सीनियर्सच्या उत्तरांच्या झेरॉक्स पाठ करणे!

२०२४ मध्ये मीही तेच केलं. 'हीच युनिव्हर्सिटी का?' या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हटलं. 'तिथे नक्की काय शिकणार?' म्हटल्यावर बोलती बंद! दोन मिनिटांत नकाराचा कागद हातात, कलम २१४(बी). अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालायचं, हे या कलमाचं म्हणणं. तसं नाही, हे पटवणं आपलं काम. १८५ डॉलर व्हिसा फी गेली ती गेलीच. सेव्हिसचे ३५० डॉलर तेवढे वर्षभरात पुन्हा अर्ज केल्यास चालतात. बाबांना फोन करताना मात्र हात थरथरत होता.

पुढे इथेच तात्पुरता लेक्चरर म्हणून लागलो. आता टेबलाच्या या बाजूला बसून व्हायवा घेतो आणि तीच घडाघडा उत्तरं ऐकतो. 'का?' विचारलं की पोरं छताकडे बघतात. चूक त्यांची एकट्यांची नाही. पाठांतराला मार्क आपणच देतो ना!

तेव्हा सरांनो-मॅडमनो, व्हायवात एक तरी 'का?' विचारा. आणि पोरांनो, झेरॉक्स फेका. कोर्सची यादी वाचा, फीचे पैसे कुठून येणार हे घरी बसून समजून घ्या, आणि मोडक्या इंग्रजीत का होईना, स्वतःचं खरं उत्तर द्या. व्हिसाची हमी कोणीच देऊ शकत नाही. पण नकार मिळालाच, तर तो दुसऱ्याच्या उत्तराला तरी नसेल!