क्लच दाबण्यात कसला पुरुषार्थ?

‘ऑटोमॅटिक? छे हो, ती काय गाडी म्हणायची! ती बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी चालवायची.’

हे वाक्य गोव्यात ज्याने ऐकले नाही असा माणूस विरळा. कचेरीत चहाच्या वेळी ते ऐकू येते, लग्नाच्या मांडवाबाहेर गाड्या लावताना ऐकू येते, आणि गॅरेजच्या दारात तर ते ब्रह्मवाक्यच असते. अलीकडे या वाक्याला एक शेपूटही फुटले आहे. ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स बिघडला की चार शहाणे जमतात आणि सल्ला देतात, ‘काढून टाक ती भानगड आणि मॅन्युअल बसवून घे. कायमची कटकट मिटेल.’

मला हा सल्ला मुळीच पटत नाही. आपल्याकडे ज्या पद्धतीने हे काम केले जाते त्यात ते यंत्राच्या दृष्टीने अर्धवट असते, कायद्याच्या दृष्टीने अडचणीचे असते, आणि त्यामागे जो अभिमान असतो तो तर अगदीच पोकळ असतो. शिवाय त्याची किंमत सल्ला देणारा भरत नाही. ती घरातलेच दुसरे कोणीतरी भरते.

आधी यंत्राचे बोलू. गिअरबॉक्स बदलणे म्हणजे मिक्सरचे भांडे बदलणे नव्हे. ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाच्या पाठीमागे बहुधा एक पातळ पोलादी चकती असते, तिला फ्लेक्सप्लेट म्हणतात. ती काढून तिथे जड फ्लायव्हील बसवावे लागते. त्यावर क्लचप्लेट, प्रेशरप्लेट आणि रिलीज बेअरिंग. पायाशी क्लचचे पेडल हवे, त्यासाठी मास्टर सिलिंडर नाहीतर केबल हवी. ब्रेकचे रुंद पेडल काढून अरुंद बसवायचे. गिअरचा दांडा, त्याच्या केबल्स, गिअरबॉक्सचे माउंट, पुष्कळदा ड्राइव्हशाफ्टसुद्धा वेगळे. ऑटोमॅटिकचे तेल थंड करण्यासाठी रेडिएटरकडे गेलेल्या नळ्या असतील तर त्या बंद करायच्या. इथवरचे काम हुशार मेकॅनिक निभावून नेतो, हे मान्य.

खरी गंमत पुढे आहे. आजच्या गाडीत इंजिनाचा संगणक गिअरबॉक्सच्या संगणकाशी सतत बोलत असतो. तो गिअरबॉक्सच काढून टाकला की इंजिनाचा संगणक बिचारा हाका मारत बसतो. डॅशबोर्डवर दिवा पेटतो, गाडीची ताकद कमी होते, वेगाचा काटा मरतो, रिव्हर्सचे दिवे लागत नाहीत. मग वायरी कापून, जोडून, काहीतरी ‘सेटिंग’ केले जाते. त्यातली एक वायर तर जिवावर बेतणारी. ऑटोमॅटिक गाडी ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये असल्याशिवाय सुरूच होत नाही, अशी तिच्यात सोय असते. मॅन्युअल बसवताना ती सोय सरळ थेट जोडून मोकळी केली, की गिअरमध्ये उभी असलेली गाडी चावी फिरवताच पुढे उडी मारते. समोर भिंत असेल तर बंपर जाईल. समोर लहान मूल असेल तर?

कोणी म्हणेल, परदेशात तर लोक हौसेने हे करतात. करतात की. बीएमडब्ल्यूच्या २००० च्या दशकातल्या एम-३ गाडीचे उदाहरण त्या मंडळींत प्रसिद्ध आहे. पण तिथे मूळ गिअरबॉक्स मॅन्युअलच होता, फक्त क्लच आणि गिअर बदलण्याचे काम ‘एसएमजी’ नावाची हायड्रॉलिक यंत्रणा करत असे. शिवाय कंपनी तीच गाडी मॅन्युअलमध्येही विकत असल्यामुळे एकेक सुटा भाग अस्सल मिळत होता. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओपासून लोकप्रिय झालेली एएमटी याच जातीची. साधाच गिअरबॉक्स, वर एक यांत्रिक हात बसवलेला. तिथे बदल त्या मानाने सोपा. पण सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर किंवा दोन क्लचचा गिअरबॉक्स असलेल्या गाडीला तोच न्याय लावणे म्हणजे, सत्तरीतल्या होंड्याचा पत्ता घेऊन जपानच्या होंडाकडे जाण्यासारखे आहे. नाव सारखे, गाव निराळे.

आता कायद्याचे. आयुष्य फायलींत गेलेल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाचा अर्थ सरळ आहे : नोंदणीच्या कागदावरचा तपशील मूळ कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बेकायदा बदलाला दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तुमच्या आरसीवर मॉडेलच्या नावापुढे ‘एटी’ किंवा ‘सीव्हीटी’ लिहिलेले असेल आणि गाडीत तीन पेडल असतील, तर अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा काय पाहील? विमा कंपनीला न कळवता केलेला बदल हे दावा अडवायला आयते निमित्त आहे.

याच कलमात एक मोठी माणुसकीची गोष्ट आहे, तिच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. शारीरिक अपंगत्व असलेल्या माणसाला स्वतःची गाडी आपल्याला चालवता येईल अशी करून घ्यायला हा कायदा वाट देतो. ठरलेल्या अटी पाळायच्या आणि नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची. म्हणजे गाडी सोपी करायची असेल तर कायदा दार उघडतो. आणि आम्ही काय करतो? सोपी असलेली गाडी पदरचे पैसे खर्चून अवघड करतो, आणि वर मिशीला पीळ देतो!

कारण मुळात प्रश्न यंत्राचा नाहीच. प्रश्न त्या मिशीचा आहे.

गिअर बदलणे म्हणजे मर्दानगी, ही समजूत आली कुठून कोण जाणे. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्डस्मोबाइल गाड्यांसाठी ‘हायड्रा-मॅटिक’ नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात तोच गिअरबॉक्स बसवला गेला. रणगाडा चालवणाऱ्या सैनिकाला ‘ही बायकांची गाडी’ असे कोणी म्हणाले असेल का? १९८९ मध्ये फेरारीने फॉर्म्युला वनच्या गाडीत दांडा काढून स्टिअरिंगच्या मागे पाती बसवली आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलची पहिलीच शर्यत जिंकली. काही वर्षांत शर्यतीतून दांडा हद्दपार झाला. जगातले सर्वांत वेगवान चालक दांडा सोडून पुढे गेले. आमचा वीर मात्र पर्वरीच्या रांगेत अर्धा तास हाफ क्लचवर गुडघा झिजवतो, आणि त्याला कौशल्य म्हणतो.

चांगली गाडी चालवणे म्हणजे आरशात पाहणे, अंतर राखणे, वळणावर वेग आवरणे, पिऊन न बसणे. यातले एकही काम डावा पाय करत नाही.

या अभिमानाची जात आपल्या ओळखीची आहे. रगड्यावर वाटलेल्या मसाल्याच्या हुमणाची सर मिक्सरच्या वाटपाला नाही, असे आपण सगळे पुरुष जेवताना म्हणतो. चव खरीच असेल. पण ते म्हणणाऱ्यांपैकी रगडा किती जणांनी फिरवला? दुसऱ्याच्या हाताने केलेल्या कष्टाचे गोडवे गाणे सोपे असते. गिअरच्या बाबतीत फरक एवढाच, की कष्ट आपले म्हणून मिरवायचे आणि त्यापायी दुसऱ्याचे स्वातंत्र्य गेले तरी पाहायचे नाही.

आमच्या वाड्यावरचेच उदाहरण सांगतो. एक निवृत्त शिक्षिका, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. त्या जुनी ऑटोमॅटिक गाडी झकास चालवायच्या. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, महिन्यातून एकदा बँक, अधूनमधून देऊळ, चवथीला माटोळीचे सामानही स्वतः घेऊन यायच्या. गिअरबॉक्स गेला. मुलाने मित्रांच्या सल्ल्याने मॅन्युअल करून घेतली. गाडी चालते, मुलगा खूश आहे. बाईंची चावी मात्र खुंटीला टांगली गेली. आता बाजाराला जायचे तर मुलाला सवड कधी ते पाहायचे. मी एकदा विचारले, ‘बाई, गाडी कशी चाललीय?’ त्या म्हणाल्या, ‘गाडी बरी चाललीय रे. मीच थांबले.’

या वाक्याचा हिशेब त्या गॅरेजच्या बिलात कुठे होता?

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मी हलक्यात घेत नाही. जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करायचा खर्च ऐकून मध्यमवर्गीय माणसाच्या पोटात गोळा येतो. पुष्कळदा कंपनीचे लोक दुरुस्ती न करता सगळाच्या सगळा नवा बसवायला सांगतात. स्वस्त एएमटी चढावर मागे सरकते, गिअर बदलताना मान हलवते, हेही खोटे नाही. आणि इंग्लंडला जाणाऱ्या आपल्या गोवेकर मुलांनी मॅन्युअल शिकावेच, कारण तिथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवानाही फक्त ऑटोमॅटिकचाच मिळतो. पण मॅन्युअल शिकणे वेगळे आणि घरातली ऑटोमॅटिक मोडणे वेगळे.

खर्चाचा राग काढायचा तर तो योग्य जागी काढा. कित्येक कंपन्या ‘या गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही’ असे सांगून गाडी विकतात. कोणाच्या आयुष्यभर, ते सांगत नाहीत! तेल गरम होते, झिजेचा कचरा त्यात साचतो, ते बदललेच पाहिजे. आणि प्रत्येक जातीला तिचेच तेल लागते, सीव्हीटीत भलतेच तेल घातले तर ती संपली. पावसात बंद पडलेली ऑटोमॅटिक आपण दोर बांधून खुशाल ओढून नेतो. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा तेलाचा पंप बंद, आणि चाके मात्र आतले भाग कोरडेच फिरवतात. अशा गाडीची ओढली जाणारी चाके जमिनीवरून उचललीच पाहिजेत. चोर्ला घाट उतरताना ‘डी’मध्ये ठेवून ब्रेक जाळायचे आणि ऑटोमॅटिकला शिव्या द्यायच्या, हेही नेहमीचे. त्या दांड्यावर ‘एल’, ‘२’ किंवा ‘एम’ असते ते उतारासाठीच. पुस्तिका वाचली तर कळते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही उघडले. त्यात वाहन उद्योग आहे. आपल्या मागणीची जागा ती आहे : सुटे भाग द्या, दुरुस्तीची माहिती साध्या गॅरेजला द्या, सबंध गिअरबॉक्स गळ्यात मारू नका. आणि फर्मागुडीपासून म्हापशापर्यंत आपल्या आयटीआय आहेत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून नीट जोडणारी मुले तिथून निघाली, तर ‘काढून टाक’ हा सल्ला आपोआप बंद होईल. ज्याला दुरुस्त करता येत नाही तोच उपटून टाकायला सांगतो. दाताचे तेच आणि गिअरबॉक्सचेही तेच.

ज्यांना दांड्याची हौस आहे त्यांनी मॅन्युअल गाडीच घ्यावी. बाजारात त्या आहेत, स्वस्तही आहेत. पण घरातली ऑटोमॅटिक मोडायला काढण्यापूर्वी एक साधा प्रश्न घरात विचारावा : उद्यापासून ही गाडी कोणाकोणाला चालवता येणार नाही? उत्तरात एक जरी नाव आले, तर गॅरेजवाल्याला नको म्हणून सांगावे.