विजेरी आणि ग्राहकाचा नकार

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत शिरताना पूर्वी विजेरी लागे. आता मोबाईलचाच उजेड पुरतो. असाच उजेड देणाऱ्या ‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट’ या अमेरिकन अ‍ॅपवर तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ साली ठपका ठेवला. वापरणाऱ्याचा ठावठिकाणा ते जाहिरातवाल्यांस परस्पर कळवीत असे. ‘मान्य’ की ‘अमान्य’ असे विचारी खरे, परंतु उत्तर येण्यापूर्वीच माहिती रवाना झालेली असे! उजेडास पत्ता कशाला हवा? आमच्या सभासदबंधूंनी दुकानासाठी अ‍ॅप करविताना ग्राहकांच्या सूचना अवश्य मागवाव्यात; परंतु रोखीच्या ग्राहकाने ‘नको’ म्हटल्यावर त्याचा मोबाईल क्रमांकही टिपू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. उधारीच्या गिऱ्हाइकाचा पत्ता मात्र हवाच.