आधी स्टेशन डायरी दाखवा



20 ऑगस्ट 2024 रोजी बदलापूरला लोक रुळांवर उतरले. दिवसभर लोकल बंद राहिल्या. काहींच्या हातात फास बांधलेले दोर होते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच मागणी होती, फाशी द्या. शाळेत गेलेल्या दोन चिमुरड्यांवर जो अत्याचार झाला तो ऐकून ज्याचं रक्त उसळलं नाही, त्याच्यासाठी हे पत्रक नाही.

पण लोक रुळांवर का उतरले ते आठवा. मुलींचे आईबाप फिर्याद द्यायला गेले, तेव्हा त्यांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत ठेवलं गेलं. ठिणगी तिथे पडली होती. आणि व्यासपीठांवरून उत्तर काय आलं? ‘फास्ट ट्रॅक कोर्टात खटला चालवू, फाशीची मागणी करू.’ सुमारे महिन्याभराने आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला आणि त्याच्यावरचा खटला उभा राहण्याआधीच संपला. लहान मुलीची फिर्याद रात्री दहा वाजता आली तरी अर्ध्या तासात लिहून घेतली जाईल, याची हमी मात्र त्या दिवशीही कुणी दिली नाही, आजही देत नाही.

आमचं भांडण या ठेवणीतल्या घोषणेशी आहे. गाव बदलतं, मुलीचं वय बदलतं, घोषणेतला शब्द बदलत नाही. पक्ष कुठलाही असो, ती दोन मिनिटांत होते, तिला एक पैसा लागत नाही, आणि ती झाली की जमाव घरी जातो. म्हणून ती लाडकी आहे.

2013 मध्ये कायद्यात एक कलम आलं. लैंगिक अत्याचाराची फिर्याद नोंदवून न घेणाऱ्या सरकारी सेवकाला किमान सहा महिने आणि दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी. नव्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम 199 आहे. हे कलम लावा, असा फलक तुम्ही कुठल्या मोर्चात पाहिलात? फाशीची मागणी करणारे पुढारी हे कलम का उच्चारत नाहीत? कारण फाशी कुणा अनोळखी नराधमाला द्यायची असते, आणि कलम 199 आपल्याच ठाण्यातल्या साहेबाला लावावं लागतं.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी असलेल्या पोक्सो कायद्याचं कलम 35 सांगतं की न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवावा. मी गेली काही वर्षं अशा कुटुंबांबरोबर कोर्टात जातो. व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. घटना घडली तेव्हा ती पहिलीत होती. साक्षीला उभी राहिली तेव्हा चौथीत. मधल्या तारखांना कधी सी.ए. (रासायनिक विश्लेषण) रिपोर्ट आलेला नव्हता, कधी तपास अधिकाऱ्याची बदली झालेली होती, कधी न्यायाधीशांची खुर्चीच रिकामी होती. प्रत्येक तारखेला आईची रोजंदारी बुडायची. अखेर उलटतपासणीत विचारलं गेलं, त्या दिवशी फ्रॉक कुठल्या रंगाचा होता? तिला आठवेना. कसं आठवेल? तो फ्रॉक तिला दोन वर्षांपूर्वीच आखूड झाला होता. शेजारचा पंच त्याआधीच फितूर झाला होता. या मुलीला फाशीच्या घोषणेने काय दिलं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी काढा. बलात्काराचे जे खटले निकालापर्यंत जातात, त्यांत दोषी ठरण्याचं प्रमाण शंभरात तीसही नाही. बाकी सत्तरांपुढे तुमचा दोर काय करणार? दिल्लीच्या निर्भया प्रकरणातल्या चौघांना 20 मार्च 2020 च्या पहाटे फाशी झाली. पुढच्या पूर्ण वर्षात, 2021 मध्ये, देशात बलात्काराचे 31,677 गुन्हे नोंदले गेले. रोजचे शहाऐंशी. जरब बसली म्हणणाऱ्यांनी ती कुठे बसली ते दाखवावं.

दर वेळी आमच्या तोंडावर एक प्रश्न फेकला जातो: ‘तुमच्या घरात झालं असतं तर?’ ठीक आहे, घरातलंच बोलू. त्याच आकडेवारीत दिसतं की शंभरातल्या नव्वदांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, शिकवणीचे सर, काका, मामा, सावत्र बाप. आता बारा वर्षांच्या आतल्या मुलीवरच्या बलात्काराला 2018 पासून फाशीची तरतूद आहे. अशाच एका घरातल्या आजीचं बोलणं मी स्वतः ऐकलं आहे. सून फिर्याद द्यायला निघाली, तर उंबऱ्यात उभी राहून म्हातारी म्हणाली, ‘माझ्या लेकाला फासावर चढवायला निघालीस का गं?’ सून परत आत गेली. तुमच्या कडक कायद्याने त्या पोरीचं तोंड बंद केलं. जबाब देऊ शकणारा एकमेव साक्षीदार जिवंत ठेवणं धोक्याचं, हेही तुम्हीच गुन्हेगाराला शिकवलंत, कारण बलात्काराला फाशी आणि खुनालाही फाशी. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने सुमारे 80 हजार सूचना वाचून 29 दिवसांत, जानेवारी 2013 मध्ये, अहवाल दिला आणि बलात्काराला फाशी नको असं स्पष्ट सांगितलं. ते म्हणणं बाजूला ठेवलं गेलं. आपल्या विधिमंडळाने डिसेंबर 2021 मध्ये फाशीची तरतूद असलेलं ‘शक्ती’ विधेयक मंजूर केलं, टाळ्या घेतल्या. ते अंमलात आलंच नाही.

दुसरा आक्षेप: ‘मग काय तुरुंगात बिर्याणी खायला घालायची?’ मुंबई हल्ल्यातल्या कसाबच्या बिर्याणीची ती गोष्ट आपण रचली होती, हे सरकारी पक्षाच्या वकिलांनीच 2015 मध्ये सांगून टाकलं. तरी लोक अजून तीच चघळतात. आमचं उत्तर एवढंच: खरा गुन्हेगार आहे ना, मग राहू दे मरेपर्यंत आत. पण तो खरा असला पाहिजे.

कारण याच महाराष्ट्रात काय झालं ते ऐका. जून 2003 मध्ये नाशिक जिल्ह्यात एका गरीब कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जण मेले, अत्याचार झाले. गदारोळ उठला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवून पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या आईने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या अल्बममधून भलत्याच चौघांचे फोटो ओळखले होते. त्यांचा माग कुणी काढला नाही. सहा जणांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं तुरुंगात गेली. भरपाई प्रत्येकी पाच लाख.

हिशेब करा. वर्षाला एकतीस हजार, महिन्याला सव्वीसशे.

2009 नंतर चटकन दोर ओढला असता तर आज आपण न्याय झाला म्हणत बसलो असतो. सहा निरपराध मेले असते, त्या आईचे खरे गुन्हेगार मोकळे फिरले असते, आणि चौकशीचा कागद कायमचा बंद झाला असता. हा अपवाद म्हणाल, तर दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा 2016 चा अहवाल वाचा. 2000 ते 2015 या काळात खालच्या कोर्टांनी दिलेल्या ज्या फाशींचा निकाल वर लागला, त्यांतल्या शंभरात पाचही टिकल्या नाहीत. शंभरातले जवळजवळ तीस जण निर्दोष सुटले. फाशीच्या कोठडीतल्या कैद्यांपैकी चारात तीन गरीब. श्रीमंताच्या पोराला फाशी झालेली तुम्ही कधी वाचलीत?

ज्यांना फाशी हवीच होती त्यांनी तरी ती मनापासून मागितली का? पुण्यातल्या 2007 च्या बलात्कार-खून प्रकरणातल्या दोघांची फाशी जुलै 2019 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. कारण, अंमलबजावणीला लागलेला अवाजवी उशीर. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींची फाशी जानेवारी 2022 मध्ये रद्द झाली. कारण, दयेच्या अर्जावर साडेसात वर्षांहून जास्त चाललेली दिरंगाई. मंचावर गळा काढणाऱ्या सरकारांनी टेबलावरची फाईल हलवली नाही.

येत्या सभेला कुणी पुढारी आला आणि ‘फाशी’ म्हणाला, तर टाळी वाजवू नका. उठून विचारा: फिर्याद कितीला आली आणि कितीला लिहिली, स्टेशन डायरीतली नोंद दाखवा. मुलीशी महिला अधिकारी बोलली का? सी.ए. रिपोर्ट कधी गेला, कधी आला? पोक्सो न्यायालयात न्यायाधीश आहेत का? साक्षीदाराला कोर्टापर्यंत कोण आणणार? कलम 199 कुणावर लावलं?

या पत्रकाची मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे. आपल्या तालुक्यातलं तुम्हाला माहीत असलेलं एक प्रकरण घ्या. मुलीचं किंवा घरच्यांचं नाव लिहू नका. फक्त तारखा लिहा: घटनेची, फिर्यादीची, आरोपपत्राची, मुलीच्या साक्षीची. साक्ष अजून झाली नसेल तर तिथे मुलीची तेव्हाची आणि आजची इयत्ता लिहा. आणि तो कागद सभेला येताना घेऊन या.